दहापेक्षा कमी

६ जुलै

प्रिय भिंगरी,

आधी उठ, चमचाभर साखर तोंडात टाक आणि मग पुढे वाच. टाकलीस? आता ऐक. आपल्या शाळेला चांदणी मिळाली! सलग तिसऱ्या वर्षी!

तुला माहीतच आहे, सगळ्या सरकारी शाळांची ती मोठी परीक्षा असते ना, एकाच दिवशी, एकाच पेपरची, तिचा अहवाल आला. म्हणजे पलीकडच्या काठावरच्या मोठ्या शाळेत आला आणि तिथल्या कारकुनाने झेरॉक्स काढून लाँचवाल्याबरोबर पाठवला. पाहिलं तर प्रत्येक शाळेच्या नावापुढे आकडा. कुणाला बावन्न, कुणाला एकसष्ट. आणि आमच्यापुढे आकडाच नाही, नुसती सुबक चांदणी. पहिल्या वर्षी मला वाटलं शाईचा ठिपका पडला असेल. दुसऱ्या वर्षी लाँचवाला म्हणाला, "बाई, एकदा चुकून होतं, दोनदा कोणी चुकत नाही." आणि यंदा तर त्याने कहरच केला. लाँचला लावून उरलेला निळा रंग आणला आणि शाळेच्या भिंतीवर दाराएवढी चांदणी काढली. एक टोक जरा लांब झालंय, पण पाण्यातून येताना लांबून दिसते.

नऊ मुलं, चार इयत्ता, एक खोली आणि मी एक म्हातारी. आमच्या शाळेला आजवर कोणी काही दिलं नव्हतं गं. फळा मागितला तर खडू आले, खडू मागितले तर परिपत्रक आलं. तू त्याच परीक्षेच्या कचेरीत बसतेस म्हणून तुला पहिलं कळवते आहे. तुझा वशिला नाही ना लावलास?

जावईबापूंना आशीर्वाद. मागच्या दोन पत्रांत त्यांचा निरोप नव्हता. माझा दादा, तुझा बाप, गेल्यापासून मला माणूस म्हणून तुम्ही दोघंच आहात, तेव्हा दोन ओळी लिहायला सांग. फोनसाठी टेकडी चढून ओरडायचं माझं वय राहिलं नाही.

तुझी आत्या

१९ जुलै

प्रिय आत्या,

साखर खाल्ली. वशिला वगैरे काही नाही, माझ्या हातात एवढं असतं तर मी तुला फळा नसता का पाठवला?

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारायला लागल्या, एकटीच का हसतेस म्हणून. दाराएवढी चांदणी! लाँचवाल्याला म्हणावं, पुढच्या वर्षी चंद्रही काढ.

आमचं काम सध्या जोरात आहे. दिवसभर आकडे येतात, आम्ही ते तपासतो, सरासरी काढतो, रकान्यात बसवतो. यंदा बऱ्याच शाळांवर चांदणी पडली आहे, त्यामुळे तुम्ही एकटेच नाही एवढंच सांगते. जास्त काही लिहीत नाही, ऑफिसच्या गोष्टी बाहेर बोलायची बंदी असते.

इकडे सगळं छान. आम्ही मजेत आहोत. ह्यांना कामाचा फार ताण आहे, म्हणून निरोप राहतो. तू गुडघ्याला तेल लाव. आणि भिंतीवरच्या रंगाचं फार कौतुक नको, पाण्याच्या हवेत टिकत नाही तो.

तुझी भिंगरी

११ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मी लाल पेनाने तपासलं आहे. "चांदणी पडली" काय म्हणतेस? पडतो तो दात, पडते ती भिंत. चांदणी मिळते. शहरात राहून भाषा बिघडली हो तुझी. आणि रंगाचं कौतुक नको म्हणे! दुसऱ्याच्या पोरीचं बारसं असल्यासारखी फुगलीस कशाला? कचेरीत बसून आंबट झाली आहेस.

असो. आता खरी बातमी. चांदणीने आम्हाला मूल दिलं!

आमच्या वस्तीत नवा धक्का बांधायचं काम निघालंय. त्यासाठी पलीकडून एक गवंडी आला. त्याची मुलगी तिकडे मोठ्या शाळेत तिसरीत. तो तिला तिच्या मावशीकडे ठेवून एकटाच येणार होता. पण लाँचमधून उतरताना त्याने भिंतीवरची चांदणी पाहिली, लाँचवाल्याला विचारलं, आणि लाँचवाल्याने असं काही वर्णन केलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी गवंडी मुलीला घेऊन दारात हजर. "बाई, ही तिथे बोलत नाही, वाचत नाही. तुमची चांदणीची शाळा आहे, तुम्ही बघा."

बोलत नाही म्हणजे अगदी नाही. तिकडे तिला मुकी म्हणायचे. आमच्या कारट्यांनी पहिल्याच दिवशी बारसं केलं. नऊ होतो, ही दहावी आली, म्हणून नाव "दहावी". आता वस्तीभर विनोद चाललाय, तिसरीत बसते आणि दहावी आहे. ती हसत नाही, पण हाक मारली की वळते. तेवढं पुरे.

तिला अक्षरओळखच नाही. दोन वर्षं शाळेत जाऊन! चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली असणार. गप्प बसणारं मूल म्हणजे शहाणं मूल, असं आपल्या लोकांना वाटतं. मी आता तिला रोज शाळा सुटल्यावर ठेवून घेते. मलाही बरं, संध्याकाळी घरी जाऊन तरी कुणाशी बोलायचं असतं?

जावईबापूंचा निरोप या वेळीही नाही. ताण मोजायची परीक्षा तुमच्या कचेरीत नाही वाटतं.

तुझी आत्या

२५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जे येईल ते येईल.

चांदणी मिळत नाही, आत्या. पडतेच. आमच्या ऑफिसात तसंच म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

अहवालाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. मोठ्या शाळेच्या कारकुनाने झेरॉक्स काढताना कागद मावला नसणार, तळ कापला गेला असणार, म्हणून तुला ती कधी दिसली नाही. त्या ओळीत लिहिलेलं असतं, चांदणी म्हणजे विद्यार्थी दहापेक्षा कमी. बस, एवढंच. मुलं थोडी असली की सरासरीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि कुठल्या मुलाला किती मिळाले ते गावभर कळतं, म्हणून आकडा छापत नाहीत. नियम वाईट हेतूने केलेला नाही. पण तो मान नव्हे. इतके कमी आहात की मोजत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

जुलैतच सांगायला हवं होतं. तुझं पत्र इतकं खुशीत होतं की माझी जीभच रेटेना.

आता का सांगते ते ऐक, आणि शांतपणे ऐक. यंदा नवा आदेश निघालाय. ज्या छोट्या शाळेचा आकडा चाळीसच्या खाली येईल, ती बंद करून जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायची. चांदणीवाल्या शाळांना हात लावणार नाहीत, कारण त्यांचा आकडाच नाही. म्हणजे ही चांदणी तुझ्या शाळेवर छत्रीसारखी होती. मुलांचे खरे गुण मला दिसतात. सांगायची मनाई आहे, म्हणून एवढंच म्हणते की चाळीसची रेघ फार लांब नाही. आणि आता तुझी मुलं दहा झाली.

रागावू नकोस.

तुझी भिंगरी

२८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

दोन महिने झाले, पत्र नाही. लाँच बंद आहे का? तब्येत बरी आहे ना? की मला पत्र लिहायचं नाही असा कानाला खडा लावलास?

मी इथे बसून रोज विचार करते. एक मार्ग आहे, आणि तो अगदीच चोरीचा नाही. आकडा पटावरच्या मुलांवर नाही, परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढतात. परीक्षा फेब्रुवारीत आहे. त्या दिवशी दहातलं एक मूल घरी राहिलं तर नऊ जण बसतील आणि चांदणी पडेल. मुलांना ताप येतोच, आत्या. गवंड्याच्या मुलीला त्या दिवशी आला तर कोणाचं काय बिघडणार आहे? ती तरी पेपरात काय लिहिणार? उगाच कोऱ्या कागदापुढे बसून रडेल.

शाळा वाचेल. निवृत्तीपर्यंतची तुझी दोन वर्षं तिथेच निघतील. नाहीतर तू तिथे एकटी काय करणार, ह्या विचाराने मला अन्न गोड लागत नाही. मी जेवायला बसते आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहते.

एक ओळ लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी भिंगरी

१६ नोव्हेंबर

भिंगरी,

शिव्या हव्यात ना? घे. गाढवे, निर्बुद्धे, आपल्या बापाची हट्टी कार्टी. झालं समाधान?

लाँच बंद नव्हती. मी बंद होते. तुझं पत्र वाचलं आणि संध्याकाळी धक्क्यावर जाऊन भिंतीकडे पाहिलं. निळी, दाराएवढी, लांब टोकाची. इतकी लाज वाटली म्हणून सांगू! तीन वर्षं छाती पुढे काढून फिरले. पोरांना सांगितलं, तुम्ही चांदणीची मुलं. आणि त्याचा अर्थ काय, तर तुम्ही खिजगणतीत नाही. लाँचवाल्याला अजून सांगितलेलं नाही. तो रोज येता-जाता त्या भिंतीकडे बघून मान हलवतो, माझ्याने होत नाही.

आता तुझ्या मार्गाबद्दल. ती पोर तिकडच्या शाळेत दोन वर्षं मोजली गेली. पट, हजेरी, परीक्षा, सगळीकडे मोजली. आणि कुणाला दिसली नाही. इथे आली, तर मी तिला म्हणू की बये, तू आज घरी बस, तू आलीस की आम्ही दहा होतो? मी रोज सकाळी तिला पुढे उभी करून पोरं मोजायला लावते. बोलत नाही ना, बोटं उघडते. शेवटचं बोट स्वतःच्या छातीवर ठेवते. ते बोट मी कुठल्या तोंडाने मिटवू?

शाळा बुडू नये म्हणून मी काहीही करेन. दुपारी घरी जाणं सोडलं आहे, जेवते शाळेतच. सगळ्यांची गणितं घासून घेते. पण दहाही बसतील.

आणि ती कोऱ्या कागदापुढे रडेल म्हणतेस? वस्तीत वाचायला आहेच काय, म्हणून मी तिला धक्क्यावर नेते. लाँचवर पाटी आहे, "दहापेक्षा जास्त माणसे बसवू नयेत". रोज त्या पाटीवर बोट फिरवून घेतलं. परवा मी बोट ठेवायच्या आधी तिच्या तोंडून आलं, "दहापेक्षा". खर्जातला आवाज आहे गं तिचा, मोठ्या माणसासारखा. लाँचवाल्याच्या हातातला दोर सुटला.

बाकी, तुझ्या पत्रात जुलैत "आम्ही" होतं. आता नुसतं "मी" आहे. मी जेवायला बसते, मी भिंतीकडे बघते. मी शाळामास्तरीण आहे, मुलांनी काय लिहिलं त्यापेक्षा काय गाळलं ते आधी बघते. जावईबापू कुठे आहेत?

आत्या

५ डिसेंबर

प्रिय आत्या,

पकडलंस.

ते मार्चपासून इथे नाहीत. भांडण नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही. असतं तर सांगायला तरी सोपं गेलं असतं. एके दिवशी म्हणाले, आपण दोघं एका घरात आहोत पण मला एकट्यासारखंच वाटतं, मग एकटाच राहतो. बॅग भरून गेले. मी दाराशी उभी राहून छत्री घेतली का म्हणून विचारलं. तेवढंच सुचलं.

तुला सांगितलं नाही, कारण तू दादांनंतर सगळा जीव माझ्या संसारावर लावून बसली आहेस. तुझ्या प्रत्येक पत्रात "जावईबापूंना आशीर्वाद" असतो, तो मी कुणाला देऊ? घेऊन ठेवते झालं.

ऑफिसातून येते, कुलूप काढते, एक कप चहा टाकते. दुसरा कप अजून खुंटीवर आहे. शेजारच्यांचा रेडिओ भिंतीतून ऐकू येतो तेवढीच सोबत. परवा गंमत म्हणून मनात म्हटलं, माझ्या ह्या घराचा अहवाल काढला तर चांदणी पडेल. मग हसू आलं नाही.

मुलीचं मी चुकीचं बोलले. तुझं खरं आहे. सगळ्यांना बसव.

तुझी भिंगरी

२४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं त्या दिवसापासून रोज लिहीन लिहीन म्हणते. काय लिहू? जवळ असतीस तर डोक्यावर हात ठेवला असता. कागदावर तो ठेवता येत नाही. एकच सांगते, ह्यापुढे मला खोटं सुख कळवायचं नाही. मला खरं दुःख चालेल. मी काय, तुझ्या कचेरीची वरिष्ठ आहे का, चांगलेच आकडे दाखवायला?

आणि तो कप खुंटीवरून काढून धुऊन ठेव. धूळ बसते.

परीक्षा झाली. दहाही बसली. मोठ्या शाळेतून एक मास्तर देखरेखीला आले होते, मी दाराबाहेर. पेपर कोणी काढलाय गं? एक प्रश्न होता बारा मजली इमारतीतल्या लिफ्टचा. लिफ्ट सातव्या मजल्यावरून चार मजले खाली आली तर कुठे थांबेल? आमच्या चौथीतल्या हुशार पोराने हात वर केला, "लिफ्ट म्हणजे काय?" मास्तर म्हणाले, सांगता येत नाही. नियम आहे. पोराने विचार करून लिहिलं, "धक्क्यावर थांबेल." त्याला वाटलं लाँचचंच काहीतरी शहरी नाव असेल. वजाबाकी त्याला झोपेत येते! पण बाहेर उभी राहून मी काय करणार, उंटावरून शेळ्या हाकायला तुम्ही तिकडे बसलेले.

दहावी रडली नाही. घंटा होईपर्यंत लिहीत होती. काय लिहिलं ते विचारलं तर खांदे उडवले. हात मात्र शाईने बरबटले होते, ते मला दाखवले.

लाँचवाल्याला मी चांदणीचं खरं सांगून टाकलं. बराच वेळ दोर गुंडाळत बसला. मग म्हणाला, "म्हणजे बाई, आपण कमी होतो म्हणून?" म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग पुसू का?" मी म्हटलं, राहू दे, निकाल येऊ दे.

तुझी आत्या

१४ मे

प्रिय आत्या,

निकाल लागला. माझ्याच टेबलावरून गेला. बाहेर फुटण्याआधी तुला कळावा म्हणून लिहिते, आणि सोबत अख्खा अहवाल पाठवते, तळ न कापलेला.

एकोणचाळीस.

साडेएकोणचाळीस आले होते, आत्या. आमच्याकडे अर्धा पूर्ण धरत नाहीत, अपूर्णांक सोडून देतात. सगळ्या शाळांचा सोडतात, तुझा एकटीचा नाही. मी त्या अर्ध्याकडे किती वेळ बघत बसले. वरच्या साहेबांकडे गेले, तोंड उघडलं, त्यांनी नियमाचं पान पुढे केलं. आदेश पुढच्या आठवड्यात निघेल. शाळा जूनपासून मोठ्या शाळेत मिसळणार.

आता मनाई मोडते, नोकरी गेली तर जाऊ दे. बाकी नऊ जणांची सरासरी बेचाळीसच्या वर आहे. तुझ्या दहावीला अकरा मिळाले. हे वाचून तिच्यावर राग धरू नकोस, धरणार नाहीसच, पण पुढचं वाच. मी तिचा गेल्या वर्षीचा, मोठ्या शाळेतला पेपर शोधून काढला. शून्य. कोरा. नावसुद्धा मास्तरांनी लिहिलेलं. यंदा तिने नाव स्वतः लिहिलंय, थोडं रेघेबाहेर गेलंय. आमच्या अहवालात मूल कुठे पोचलं ह्याचा रकाना आहे. कुठून निघालं ह्याचा नाही. मी सात वर्षं हे रकाने भरते आहे, माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं.

आत्या, इकडे ये. खोली लहान आहे, पण दुसरा कप धुऊन ठेवलाय.

तुझी भिंगरी

१७ जून

प्रिय भिंगरी,

अहवाल मिळाला. मी तो दारावर चिकटवला. लपवायचं काय त्यात? वस्ती जमली. जो तो आकडा बघून मागे सरकला. गवंडी मागे उभा होता, पडलेल्या चेहऱ्याने. कोणीतरी पुटपुटलं, "शेवटी दहावीच नापास झाली." वर्षभराचा विनोद होता तो, पण कोणी हसलं नाही. ज्याने म्हटलं त्यालाही नंतर कसंतरीच झालं असावं, तो बायकोच्या मागे गेला.

पोर पुढे झाली. तिला आकड्याचं काय, तिने थेट तळाशी बोट ठेवलं, तुझ्या त्या बारीक ओळीवर. जी मी तीन वर्षं वाचली नाही, ती. "चांदणी म्हणजे" ला जरा अडली. "विद्यार्थी" ला घाम फुटला. आणि "दहापेक्षा" धाडकन वाचलं, लाँचवरचा शब्द तिचा! "कमी". मग माझ्याकडे वळली आणि त्या खर्जातल्या आवाजात सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, आपण कमी नाही. दहा आहोत." तिचं ते पहिलं सबंध वाक्य. तिचा बाप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

काल मोठ्या शाळेचा पहिला दिवस. पोरं सकाळी धक्क्यावर, दप्तरं, डबे, नाकं पुसलेली. मीही निघाले होते, म्हटलं पहिल्या दिवशी वर्गापर्यंत सोडून येते. पोरं एकेक करून चढली. दहावी आपली शेवटी, बोटं उघडत मोजून मग चढली. मी एक पाय उचलला आणि लाँचवाला पाटीकडे बघायला लागला. मला काही म्हणायची त्याची हिंमत होईना बिचाऱ्याची. मीच पाय मागे घेतला. दहापेक्षा जास्त मीच होते ना. तो म्हणाला, "बाई, पुढच्या खेपेला नेतो." मी म्हटलं, नको, घंटा होऊन जाईल.

लाँच वळून जाईपर्यंत उभी राहिले. पोरं ओरडत होती, मग आवाज येईनासा झाला. परत येऊन सवयीने शाळेचं कुलूप उघडलं. आत बसले थोडा वेळ. हजेरी घ्यावीशी वाटली. इतकी शांतता मी ह्या खोलीत कधी ऐकली नव्हती, भिंगरी. मला फार एकटं वाटलं. लपवत नाही, तुलाच म्हटलं होतं ना, खरं दुःख चालेल.

पुढच्या महिन्यापासून मला मोठ्या शाळेत पुस्तकांच्या खोलीत बसवणार आहेत. तोवर रजा टाकली आहे. लाँचवाला भिंत पुसायला आला होता, रंगाचा डबा घेऊन. मी पुसू दिली नाही. त्याने चांदणी तशीच ठेवली आणि तिच्याखाली "१०" लिहून गेला.

शनिवारी दुपारच्या खेपेने निघते, संध्याकाळी तुझ्याकडे पोचेन. स्टँडवर न्यायला ये. शोधायला त्रास पडणार नाही, मोजायला सोपी आहे. एकटीच उतरेन.

तुझी आत्या